खेडेगांवचा धर्मोपदेशक : कथेंतला आणि चरित्रांतला

इंग्रजी वाङ्मयांत खेडेगांवच्या धर्मोपदेशकाइतकें लाडकें पात्र दुसरें क्वचितच सांपडेल. गोल्डस्मिथच्या वेकफील्डच्या व्हिकराशीं आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचा परिचय असेल. पण तो व्हिकर इंग्लंडांतला, बिशपांच्या अंमलाखालील चर्चचा. ट्वीड नदी ओलांडून स्कॉटलंडांत शिरलें कीं चर्चची घडणच निराळी. तेथील प्रेस्बिटेरियन पंथांत बिशप नाहीं. सर्व उपदेशक एकाच पायरीचे. त्यांच्या जोडीला मंडळींतले 'एल्डर' म्हणजे वडीलधारे गृहस्थ बसणार आणि सर्वांनीं मिळून सभेनें कारभार पाहावयाचा. गांवच्या सभेवर परगण्याची सभा, आणि सर्वांवर दरसाल मे महिन्यांत भरणारी महासभा. उपदेशक संसारी असतो. त्यामुळें त्याचें घर म्हणजे मठ नव्हे. ह्या घरास तिकडे 'मॅन्स' म्हणतात. मॅन्समध्यें पैसा थोडा, पुस्तकें पुष्कळ आणि मुलेंही पुष्कळ, अशी एकोणिसाव्या शतकांतली सर्वसाधारण स्थिति असे.

ह्या घराचें चित्र आमच्यापर्यंत दोन वाटांनीं आलें आहे. एक कथालेखकांनीं रंगविलेलें. दुसरें त्याच घरांत वाढलेल्या मुलांच्या चरित्रांतून दिसणारें. पहिलें अफाट खपलें. दुसऱ्याकडे जिज्ञासूखेरीज कोणी वळत नाहीं. आमच्या मतें पहिल्या चित्रानें दुसऱ्यावर अन्याय केला आहे, आणि तो किरकोळ नाहीं. त्या घरांत जें सर्वांत मोलाचें होतें नेमकें तेंच कथालेखकांनीं गाळलें. आणि जें त्यांनीं ठेवलें त्यासच स्कॉटलंडचें हृदय समजून जगानें डोळे पुसले.

आरंभ मात्र चांगला झाला होता. जॉन गॉल्ट याची 'ॲनल्स ऑफ दि पॅरिश' ही कादंबरी १८२१ सालीं निघाली. मायका बॅलव्हिडर नांवाचा डलमेलिंग गांवचा उपदेशक १७६० पासून १८१० पर्यंतची हकीकत सालवार सांगत जातो. म्हणण्यासारखें कथानक नाहीं. पण पहिल्याच प्रसंगांत गॉल्टनें आपल्या देशाची दुखरी नस पकडली आहे. बॅलव्हिडरची नेमणूक जमीनदारानें केलेली. गांवकऱ्यांस तो नको. त्यांनीं देवळाचें दार खिळे मारून बंद केलें आणि नव्या उपदेशकास खिडकींतून आंत शिरावें लागलें. वाचक हंसतो, पण उपदेशक नेमण्याचा हक्क जमीनदाराचा कीं मंडळीचा, ह्या वादानें पुढें तें चर्च दुभंगलें हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या हंसण्यांत थोडी कडवट चव उतरते. बॅलव्हिडरचे तीन विवाह होतात. दुसरी बायको इतकी कर्तबगार निघते कीं दूध, लोणी, चीज यांच्या उद्योगानें मॅन्सचा कारखाना होतो, आणि संसाराला बरकत आली तरी बिचाऱ्या नवऱ्यास घटकाभर निवांत बसणें मिळत नाहीं. हा उपदेशक भोळा आहे, थोडा पोकळ अभिमानीही आहे. तो जेवढें पाहतो त्याहून अधिक तो वाचकास दाखवितो, आणि हेंच गॉल्टचें कसब. गांवांत कापसाची गिरणी येते, अमेरिकेच्या लढाईची झळ पोंचते, फ्रेंच राज्यक्रांतीचीं मतें विणकरांच्या तोंडीं येतात, हें सर्व ह्या साध्या माणसाच्या खिडकींतून दिसतें. जॉन स्टुअर्ट मिल यानें आपल्या पंथास 'युटिलिटेरियन' हें नांव ह्याच कादंबरींतून उचललें, असें तो स्वतःच सांगतो. विनोदी म्हणून बाजूस ठेवलेल्या पुस्तकांतून कधीं कधीं असें कांहीं निघतें.

गॉल्टच्या पुढची दोन पिढ्यांची मजल येथें सोडून देऊं. स्टीव्हन्सनच्या आईचे वडील एडिंबरोजवळ कॉलिंटन येथें उपदेशक होते आणि त्या घरावर नातवानें एक निबंध लिहिला आहे, एवढा उल्लेख पुरे. आम्हांस बोलावयाचें आहे तें १८९० नंतरच्या लाटेविषयीं. बॅरीची 'दि लिटल मिनिस्टर' १८९१ सालीं आली. १८९४ सालीं इयान मॅक्लारेन या टोपणनांवानें 'बिसाइड दि बॉनी ब्रायर बुश' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि इंग्लंड-अमेरिकेंत त्याचा नुसता पूर लोटला. ह्या संप्रदायास जे. एच्. मिलर या टीकाकारानें १८९५ सालीं 'केल्यार्ड' असें नांव दिलें. केल म्हणजे कोबीच्या जातीची एक भाजी. केल्यार्ड म्हणजे झोंपडीमागचें भाजीचें परसूं. नांव कुत्सित होतें, पण चिकटलें.

इयान मॅक्लारेन म्हणजे जॉन वॉटसन, स्वतः प्रेस्बिटेरियन उपदेशक. तारुण्यांत पर्थशायरमधील एका खेड्यांत त्यांनीं थोडा काळ काम केलें होतें. तेंच गोष्टींतलें 'ड्रमटॉक्टी'. पुस्तक लिहिलें तेव्हां मात्र ते लिव्हरपूलसारख्या अवाढव्य शहरांत स्थायिक झालेले होते. ही गोष्ट दोष म्हणून सांगत नाहीं. दुरून पाहिलेलें खेडें नेहमीं थोडें धुक्यांत असतें, एवढेंच म्हणणें आहे. त्या संग्रहांतल्या दोन गोष्टी आमच्या विषयाच्या गाभ्याशीं येतात. पहिली जॉर्ज होव नांवाच्या हुशार मुलाची. गांवचा म्हातारा शाळामास्तर त्याची बुद्धि हेरतो, एका कंजूष समजल्या जाणाऱ्या शेतकऱ्याच्या गळीं पडून खर्चाची तजवीज करतो. मुलगा एडिंबरोच्या विद्यापीठांत पहिल्या मानाचीं पारितोषिकें मिळवितो आणि क्षयानें झिजून मरण्याकरितां आईजवळ परत येतो. दुसरी गोष्ट एका तरुण उपदेशकाची. पहिल्या रविवारच्या प्रवचनासाठीं त्यानें विद्वत्ताप्रचुर मजकूर तयार केला आहे. त्यांत आधुनिक विचारांचा परामर्श आहे, जुन्या मतांवर झोंबणारी टीका आहे. आदल्या रात्रीं त्याला मरणोन्मुख आईचे शब्द आठवतात. तो तें सबंध प्रवचन चुलींत टाकतो आणि दुसऱ्या दिवशीं साधेंसुधें, हृदयांतलें बोलतो. मंडळी गहिंवरते.

ह्या गोष्टी वाईट लिहिल्या आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं. वर्गांत वाचून दाखविल्या तर आजही मुलें स्तब्ध होतात. पण त्या आगीकडे जरा नीट पाहिलें पाहिजे. तींत काय जळत आहे? एका तरुणाचा दिमाख जळत असेल तर ठीकच आहे. परंतु लेखकानें मोठ्या खुबीनें दिमाख आणि विचार यांची एकच मोळी बांधली आहे. आईवर प्रेम असेल तर टीका जाळावी. शहाणपण पाहिजे असेल तर हृदयाला रजा द्यावी. भक्ति आणि विद्या ह्या जणूं सवती आहेत आणि एका घरांत नांदूं शकत नाहींत, ही त्या गोष्टीची खरी शिकवण; आणि ती खोटी आहे असें दाखविणारें घर मॅक्लारेनच्या काळींच, त्याच्याच पंथांत, आबर्डीनशायरमध्यें उभें होतें.

किंबहुना एक नव्हे, एकाच मुलुखांतलीं दोन. त्या दोन्ही घरांविषयीं पुस्तकें आहेत. पहिलें विल्यम रॉबर्टसन निकोल यांनीं १९०८ सालीं आपल्या वडिलांवर लिहिलेलें 'माय फादर'. हॅरी निकोल हे ऑकिंडॉर येथें फ्री चर्चचे उपदेशक. जेमतेम प्राप्तींतून ह्या गृहस्थांनीं सुमारें १७,००० पुस्तकें जमविलीं. आमच्याकडील एखाद्या कॉलेजास हेवा वाटावा असा हा संग्रह एका डोंगराळ खेड्यांतल्या खाजगी घरांत होता. मुलाची पितृभक्ति खरी आहे, निवेदन संयमाचें आहे, आणि पुस्तकांच्या व्यसनानें संसाराला काय सोसावें लागतें हें विचारणाऱ्या वाचकास ओळींच्या मधून उत्तर मिळतें. मौज अशी कीं हेच निकोल पुढें लंडनास 'ब्रिटिश वीकली'चे संपादक झाले आणि मॅक्लारेनला गोष्टी लिहावयास लावून त्या छापणारे तेच. ज्या माणसाचें बालपण हजारों ग्रंथांच्या राशींत गेलें त्यानेंच जगास असा स्कॉटिश उपदेशक विकला कीं ज्याला कागद जाळल्याशिवाय बोलतां येत नाहीं. खपाचें गणित त्यांना उत्तम कळत होतें, असें म्हणून आम्ही हा प्रश्न सोडतों.

दुसरें घर कीगचें, आणि आमचा खरा विषय तेंच.

ह्या घराची माहिती जॉन सदरलंड ब्लॅक व जॉर्ज क्रिस्टल यांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांच्या चरित्रांत आहे. स्मिथ हे सेमिटिक विद्येंतले एकोणिसाव्या शतकांतील एक अग्रगण्य पंडित. पण आम्ही तें जाडजूड पुस्तक उघडतों तें मुख्यतः त्यांच्या वडिलांसाठीं. विल्यम पिरी स्मिथ (१८११–१८९०) हे आबर्डीन शहरांत शिक्षक होते. धंद्यांत जम बसला होता. अशा वेळीं १८४३ चा तो प्रसिद्ध दुभंग घडला.

त्याचें कारण आम्हीं बॅलव्हिडरच्या खिडकीपाशीं सांगितलेंच आहे. उपदेशक नेमण्याचा जमीनदारांचा हक्क १७१२ च्या कायद्यानें कायम केला होता. मंडळीचा नकार त्यापुढें टिकत नाहीं असा निवाडा सरकारी न्यायालयांनीं दिला, तेव्हां १८ मे १८४३ रोजीं महासभेंतून उपदेशकांचा एक मोठा जथा उठून बाहेर पडला. सुमारें बाराशें उपदेशकांपैकीं चारशें सत्तरांहून अधिक जणांनीं पगार, देऊळ आणि राहतें घर यांवर पाणी सोडून 'फ्री चर्च' स्थापिलें. ज्यांनीं तें केलें त्यांच्या बायकामुलांनीं त्या हिंवाळ्यांत काय भोगलें याच्या कथा तिकडे घरोघर सांगत असत. कित्येक जमीनदारांनीं नव्या देवळास जागा नाकारली. धान्याच्या कोठारांत, उघड्या माळावर उपासना झाल्या. टॉमस चामर्स यांनीं सर्वांसाठीं एक निधि काढला आणि प्रत्येक उपदेशकास, तो शहरांतला असो वा कोनाड्यांतला, दरसाल सारखे दीडशें पौंड मिळावे असा संकल्प सोडला.

ह्या दुभंगाची लाट मुंबईपर्यंत आली होती. डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी नव्या चर्चच्या बाजूस गेले आणि जुन्या मिशनची मालमत्ता त्यांना सोडावी लागली. आज विल्सन कॉलेज या नांवानें आपण जी संस्था ओळखतों तिचा पुढला इतिहास त्या त्यागानंतरचा आहे. विल्सन यांचें नांव ह्या लेखांत पुन्हां एकदां येणार आहे, म्हणून वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें.

पिरी स्मिथ यांनीं १८४५ सालीं कीग व टूख ह्या दोन गांवांचें फ्री चर्चचें उपदेशकपद पत्करलें. म्हणजे दुभंगाच्या भरांत ओढले गेले असें नाहीं. दोन वर्षें सर्व हाल डोळ्यांपुढें असतां, शहरांतली नोकरी सोडून, समजून उमजून ते तिकडे गेले. डॉन नदीच्या कांठचा हा मुलूख गुरांचा. काळ्या, बिनशिंगी आबर्डीन-अँगस गाई जगप्रसिद्ध करणारा विल्यम मॅक्कॉम्बी हा टूख गांवचाच. कथालेखकांना असा मुलूख आवडतो: टेकड्या, धुकें, गुरें, आणि मधोमध एक पांढऱ्या केसांचा उपदेशक. पण ह्या मॅन्सच्या आंत धुकें नव्हतें. पिरी स्मिथ यांच्यांतला शिक्षक उपदेशक झाल्यावरही शिक्षकच राहिला. मुलांना त्यांनीं शाळेंत घातलेंच नाहीं; लॅटिन, ग्रीक, गणित सर्व स्वतः शिकविलें. थोरला मुलगा विल्यम हा ८ नोव्हेंबर १८४६ चा. वयाच्या पंधराव्या वर्षीं, १८६१ सालीं, तो आबर्डीन विद्यापीठांत गेला तो थेट ह्या घरांतून. त्याच्याबरोबर दोन वर्षांनीं धाकटा भाऊ जॉर्ज. घर सांभाळावयास बहीण मेरी जेन गेली. तीन मुलांनीं शहरांत बिऱ्हाड थाटलें.

येथून पुढें चरित्र आणि मॅक्लारेनची गोष्ट यांच्या वाटा कांहीं काळ इतक्या लगत चालतात कीं वाचक चकित होतो. मेरी जेन १८६४ सालीं वारली. जॉर्ज १८६६ सालीं उत्तम रीतीनें पदवी घेऊन थोड्याच दिवसांत गेला. कथेंतलाही जॉर्ज, खराही जॉर्ज. दोघेही विद्यापीठाचे मानकरी, दोघांचाही शेवट सारखाच. पण फरक पाहा. कथेंत मुलगा मेला म्हणजे गोष्ट संपली. तो मरावा म्हणूनच त्याला पारितोषिकें दिलेलीं. लेखकास त्याच्या विद्येशीं कांहीं कर्तव्य नाहीं. तो ग्रीकमध्यें काय शिकला, त्यानें त्याचें मन कसें बदललें, जगला असता तर गांवकऱ्यांशीं त्याचें जुळलें असतें कीं नसतें, हे प्रश्न त्या पानांत उद्भवतच नाहींत. मेलेला विद्वान मुलगा निरुपद्रवी असतो. कीगच्या घरांत एक मेला आणि एक जगला. आणि जगलेल्यानें जें केलें त्यानें सबंध पंथ हादरला.

एक कठोर प्रश्न येथें चरित्रकारांसही विचारला पाहिजे. तीन कोंवळ्या जिवांना अशा अभ्यासाच्या ओझ्याखालीं शहरांत पाठविणें शहाणपणाचें होतें काय? ब्लॅक व क्रिस्टल हे स्मिथ यांचे स्नेही. पित्याविषयींच्या आदरामुळें ते ह्या प्रश्नाच्या कडेकडेनें जातात. क्षयाचा जंतु १८८२ पर्यंत कोणास ठाऊक नव्हता, त्यामुळें रोगाचा दोष बापास देतां येत नाहीं. तरीही दोन मुलें गेल्यावर घरांतील अभ्यासाची शिस्त सैल झाली कीं काय, आईनें कांहीं म्हटलें कीं काय, हें वाचकास जाणून घ्यावेंसें वाटतें आणि चरित्र तेथें अबोल राहतें.

विल्यम पुढें एडिंबरोच्या न्यू कॉलेजांत धर्मशास्त्र शिकला, तेथें ए. बी. डेव्हिडसन यांच्या हाताखालीं हिब्रूचा पाया पक्का झाला. मधल्या सुट्यांत बॉन आणि गॉटिंगेन येथें जर्मन पंडितांचें अध्यापन ऐकलें. शिवाय टेट यांच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत साहाय्यकाचें काम केलें. त्या वेळच्या विद्यार्थ्यांत पूर्वीं उल्लेखिलेले स्टीव्हन्सनही होते, पण त्यांचें लक्ष प्रयोगांकडे फारसें नसे. १८७० सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षींच, फ्री चर्चच्या महासभेनें स्मिथ यांस आबर्डीनच्या कॉलेजांत हिब्रूचे प्राध्यापक नेमलें. त्या वर्षींच्या महासभेचे अध्यक्ष होते मुंबईचे डॉ. जॉन विल्सन. हा योगायोगच; पण मराठी मुलुखांत उभी हयात घालविलेला एक उपदेशक आणि कीगच्या मॅन्समधला हा तरुण एकाच सभेच्या इतिहासांत भेटतात, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं माहीत करून घेण्यासारखी खास आहे.

पांच वर्षांनीं ठिणगी पडली. 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या नवव्या आवृत्तींत स्मिथ यांचा 'बायबल' हा लेख १८७५ च्या अखेरीस छापला गेला. बायबलाचे भाग निरनिराळ्या काळीं रचले गेले, मोशेच्या नांवावरील 'अनुवाद' हा ग्रंथ मोशेनंतर कित्येक शतकांनीं सिद्ध झाला, अशीं जर्मनींत रुळलेलीं मतें त्यांत सरळ मांडलीं होतीं. आज हें वाचतांना कोणाची भुवई चढणार नाहीं. त्या काळीं मात्र १८७६ पासून चौकशी सुरू झाली आणि ती पांच वर्षें चालली. स्मिथ यांचें म्हणणें असें कीं, ग्रंथ कोणीं व केव्हां रचला याची चिकित्सा केल्यानें त्यांतील ईश्वरी वाणीस धक्का लागत नाहीं. उलट ज्या माणसांच्या मुखानें ती आली तीं माणसें जिवंत होतात. ते आरोपी म्हणून उभे राहिले, पण पळवाट काढली नाहीं. वाद असे घालीत कीं सभागृहांत पाय ठेवावयास जागा मिळत नसे. मे १८८० मध्यें महासभेनें अवघ्या सात मतांच्या आधिक्यानें, समज देऊन, त्यांची खुर्ची राखली. पण थोड्याच दिवसांत ब्रिटानिकाचा अकरावा खंड बाहेर पडला. त्यांत स्मिथ यांचा हिब्रू भाषा व वाङ्मय यांवरील, आधींच लिहून दिलेला लेख होता. प्रकरण पुन्हां पेटलें, आणि १८८१ च्या मे महिन्यांत त्यांना प्राध्यापकपदावरून दूर करण्यांत आलें. उपदेशकपद मात्र काढून घेतलें नाहीं. म्हणजे हा माणूस देवळांत बोलण्यास लायक, पण शिकविण्यास नालायक, असा तो चमत्कारिक निवाडा!

आतां ह्या सर्व काळांत कीगच्या घराकडे पाहावें. बाप जिवंत आहे, सत्तरीला टेकला आहे. ज्या चर्चसाठीं शहरांतला शिक्षकाचा जम मोडला, तेंच चर्च आतां आपल्या मुलास काढून टाकीत आहे. आणि तें चर्च निघालें होतें कशासाठीं? माणसाच्या सदसद्विवेकावर बाहेरच्या सत्तेचा अंमल चालूं नये ह्यासाठीं! असा पेंच एखाद्या शोकांतिका लिहिणाऱ्या नाटककाराच्या हातीं लागता तर त्यानें त्याचें सोनें केलें असतें. केल्यार्डच्या लेखकास हा बाप दिला असता तर त्यानें काय केलें असतें, याची कल्पना करणें अवघड नाहीं. म्हाताऱ्यानें मुलाच्या पुस्तकांकडे पाहून डोळे मिटले असते, आईनें अंथरुणावरून हात पसरला असता, आणि मुलानें लेख चुलींत टाकला असता.

कीगला चूल पेटलेली होती, पण तींत कागद गेला नाहीं. पिरी स्मिथ मुलाच्या बाजूस उभे राहिले. येथें कोणी म्हणेल, हा पुत्रस्नेह. आम्हांस तसें वाटत नाहीं. बापानेंच मुलाला शिकविलें होतें कीं मजकूर समोर आला तर त्याचें व्याकरण लावावें, अन्वय लावावा, मूळ काय आहे तें पाहावें आणि मग बोलावें. मुलानें बायबल तसेंच वाचलें. जी दृष्टि लॅटिन-ग्रीकला लावावयाची ती पवित्र ग्रंथाला लावूं नये, असा अपवाद त्या घरांत कोणीं शिकविला नव्हता. भक्ति तिथें सकाळ-संध्याकाळ होती. विद्या दिवसभर होती. एकीनें दुसरीला घराबाहेर काढलें नाहीं. स्मिथ यांच्या श्रद्धेविषयीं त्यांच्या शत्रूंनाही फारसा संशय नव्हता, आणि हेंच त्यांना जड गेलें. नास्तिकास काढणें सोपें असतें.

पुढला वृत्तांत सर्वश्रुत आहे म्हणून भराभर सांगतों. स्मिथ ब्रिटानिकाचे सहसंपादक झाले, नंतर मुख्य संपादक. १८८३ पासून केंब्रिजला अरबीचे अध्यापक, मध्यंतरीं विद्यापीठाचे ग्रंथपाल, १८८९ पासून अरबीचे प्राध्यापक. प्राचीन अरबांतील नातीं व विवाह यांवरील ग्रंथ १८८५ चा. सेमिटिक लोकांच्या धर्मावरील व्याख्यानें १८८९ चीं. यज्ञ म्हणजे देवास दिलेली लांच नव्हे, देव आणि माणसें यांनीं एकत्र बसून केलेलें जेवण होय, हा त्यांतला मध्यवर्ती विचार. फ्रेझरनें 'गोल्डन बाऊ' १८९० सालीं ह्याच मित्रास अर्पण केला. दुर्खीमनें ऋण मान्य केलें. फ्रॉइडनें तो विचार आपल्या कामाला जुंपला. रोज संध्याकाळीं एका मेजाभोंवतीं प्रार्थना करून जेवणाऱ्या भरल्या घरांतल्या मुलासच ही कल्पना सुचावी यांत कांहीं संबंध असेल काय? आम्हांस असा मोह होतो खरा, पण पुराव्याशिवाय तो आवरलेला बरा.

३१ मार्च १८९४ रोजीं, सत्तेचाळिसाव्या वर्षीं, स्मिथ केंब्रिजला क्षयानें वारले. त्यांना कीगला आणून पुरलें. त्याच वर्षीं 'ब्रायर बुश' प्रसिद्ध झालें. स्कॉटलंडच्या खऱ्या मॅन्सचा एक मुलगा मातीआड होत असतां खोट्या मॅन्सचीं चित्रें हजारोंनीं खपत होतीं. आणि त्या गोष्टी वाचून हुंदके देणाऱ्यांत, तेरा वर्षांपूर्वीं स्मिथविरुद्ध हात वर करणारे कांहीं सज्जन असलेच पाहिजेत.

चरित्राविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. ब्लॅक व क्रिस्टल यांचें पुस्तक प्रामाणिक आहे, पण जड आहे. महासभेच्या ठरावांस आणि उपठरावांस त्यांनीं इतकीं पानें दिलीं आहेत कीं सामान्य वाचक वाटेंत दमतो. आम्हीही कांहीं प्रकरणें कर्तव्य म्हणून वाचलीं. बालपणाचीं प्रकरणें मात्र उत्कृष्ट. घराचा मुख्य पुरुष बोलूं लागला कीं पानें हलकीं होतात. निकोल यांचें छोटें पुस्तक वाचनीय अधिक, पण तें एका माणसाचें चित्र आहे. कीगचें पुस्तक, लेखकांच्या मनांत नसतांही, एका कुटुंबाचें होतें.

त्या कुटुंबाच्या दुसऱ्या शाखा चरित्रकारांनीं हातावेगळ्या केल्या आहेत, आणि त्यांतली एक आमच्या देशांत येते. चार्ल्स मिची स्मिथ (१८५४–१९२२) हा विल्यमचा धाकटा भाऊ. भावाची चौकशी ऐन भरांत होती तेव्हां हा मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजांत, म्हणजे त्याच फ्री चर्चनें वाढविलेल्या संस्थेंत, पदार्थविज्ञान शिकवीत होता. एका भावाची नोकरी ज्या सभेनें काढून घेतली तिच्याच पदराखालीं दुसरा निमूटपणें वर्ग घेत होता; त्या दिवसांत ह्या दोघांत काय पत्रें गेलीं आलीं हें छापलेलें पाहावयास आम्हांस फार आवडतें. १८९१ पासून चार्ल्स मद्रासचे सरकारी ज्योतिर्विद झाले आणि कोडाईकनालची सूर्यवेधशाळा त्यांनींच उभारली. १९११ सालीं ते निवृत्त झाले तरी तेथेंच राहिले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधली प्रा. नायगांववाला यांची तख्तसिंगजी वेधशाळा १९१२ सालीं बंद झाली, तेव्हां तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालच्याच वेधशाळेंत गेली. कीगच्या मॅन्समधल्या मुलानें बांधलेल्या घरांत पुण्याची दुर्बीण अशी जाऊन बसली.

राहिल्या स्त्रिया. निकोल यांच्या पुस्तकाच्या नांवांतच बाप आहे. ब्लॅक व क्रिस्टल यांच्या पुस्तकांत बाप आणि लेक. पिरी स्मिथ यांची पत्नी जेन रॉबर्टसन हिचें माहेरचें नांव मुलाच्या नांवांत कायमचें राहिलें, पण ती स्वतः त्या पानांत दाराआडून बोलल्यासारखी वाटते. मेरी जेन तर भावांचें बिऱ्हाड सांभाळतां सांभाळतां गेली. तिला विद्यापीठाचें दार उघडें नव्हतें, तिच्या हुशारीची परीक्षा कोणीं घेतली नाहीं. वडिलांनीं मुलींना किती शिकविलें, मुलांच्याच मेजावर बसविलें कीं वेगळें, हा प्रश्न त्या घराची खरी किंमत ठरविणारा आहे. आणि त्याचें उत्तर दोघा विद्वान चरित्रकारांकडे मागण्यांत अर्थ नाहीं. त्याच घरांतली एक मुलगी, ॲलिस, हिनें आपल्या बालपणाच्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. 'चिल्ड्रेन ऑफ दि मॅन्स' ह्या नांवानें त्या छापून निघाल्या २००४ सालीं, म्हणजे भावाच्या मृत्यूनंतर एकशें दहा वर्षांनीं. ज्यांना चरित्राचीं पहिलीं प्रकरणें आवडतील त्यांनीं ठरावांचीं पानें उलटून टाकावीं आणि तेवढ्या वेळांत हें बहिणीचें पुस्तक मिळवून वाचावें.